पगारवाढ यंदा शक्य नाही. मग पैसे सोडून काय दिलं तर माणसं खूश राहतात? (कुपवाड)

कुपवाडी:
मंडळी, सल्ला हवाय. कुपवाड एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. पंपाचे आणि ट्रॅक्टरचे पार्ट करतो. सासऱ्यांनी सुरू केलं, आता ऑर्डरी आणि मशिनी नवरा बघतो, हिशेब आणि माणसं माझ्याकडे. साठेक जण आहेत. त्यातले निम्मे परमनंट, बाकीचे ठेकेदाराचे आणि आयटीआयचे अप्रेंटिस.

यंदा ऑर्डरी थंड आहेत. बोनस कायद्याप्रमाणे ८.३३ टक्के देणारच, पण गेली दोन वर्षं त्याहून जास्त दिला होता, तेवढा यंदा झेपणार नाही. इन्क्रिमेंटही नाममात्र. चांगली माणसं टिकावीत म्हणून बिनपैशाचं काहीतरी करावं असं डोक्यात आहे. टाइम ऑफिसच्या बाहेर 'एम्प्लॉयी ऑफ द मंथ'चा बोर्ड आहे. तो कोणी बघत नाही. जुलैमध्ये लावलेला फोटो दिवाळीपर्यंत तसाच असतो आणि ज्याचा फोटो असतो त्याला बाकीचे 'काय हिरो' म्हणून पिडतात.

तुमच्याकडं काय चालतं? आणि खरं सांगा, पैसे नाहीत म्हणून असलं काही दिलं तर ते तोंडाला पानं पुसल्यासारखं वाटतं का?

थर्डशिफ्ट:
मॅडम, राग मानू नका, पण वाटतं.

मी व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन) सेटर आहे, म्हणजे जॉब लावून मशीन सेट करतो. कंपनीचं नाव सांगत नाही. आमच्याकडं 'बेस्ट ऑपरेटर'ची ट्रॉफी असते. मला मिळाली तेव्हा घरी नेली, तर पोरगं म्हणालं, पप्पा क्रिकेटमध्ये जिंकलाय का. बायकोनं टीव्हीशेजारी ठेवली, आता तिच्यावर चाव्या लटकवतो.

आता दुसरी गोष्ट सांगतो. एका जॉबला सारखं रिजेक्शन येत होतं. क्लॅम्पिंग करताना पार्ट किंचित उचलला जायचा. मी थर्ड शिफ्टला बसून फिक्स्चरमध्ये, म्हणजे पार्ट धरून ठेवायच्या साच्यात, एक सपोर्ट पिन टाकली, क्लॅम्पची जागा बदलली, रिजेक्शन बंद. पुढच्या महिन्यात कस्टमरची माणसं आली. आमच्या मॅनेजरनं तेच फिक्स्चर दाखवलं, 'वुई डेव्हलप्ड' म्हणाला. मी मागं ग्लोव्हज घालून उभा. त्या दिवशी त्यानं नुसतं "हा आमचा सेटर, यानं केलंय, याच्याकडनं ऐका" म्हटलं असतं, तर मला ट्रॉफी नको होती, चहासुद्धा नको होता. त्यानंतर मला पाच-सहा गोष्टी सुचल्या असतील. एकही सांगितली नाही. कशाला सांगू?

प्राध्यापक_कराड:
थर्डशिफ्ट यांचा प्रतिसाद आमच्या एमबीएच्या वर्गात वाचून दाखवण्यासारखा आहे.

या विषयावरचं सगळ्यात गाजलेलं काम मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांचं, १९५९ चं. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग भागातल्या सुमारे २०० इंजिनिअर आणि अकाउंटंटना त्यांनी विचारलं, की कामावर तुम्हाला फार बरं कधी वाटलं आणि फार वाईट कधी वाटलं. दोन्हीची उत्तरं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल आली. पगार, साहेबाचं वागणं, कंपनीचे नियम, कामाची जागा हे नीट नसेल तर माणूस वैतागतो. पण हे नीट आहे एवढ्यानं तो कामात जीव ओतत नाही. जीव ओतला जातो तो काहीतरी जमल्यामुळे, त्याची दखल घेतली गेल्यामुळे, जबाबदारी मिळाल्यामुळे आणि खुद्द कामामुळे.

कुपवाडीताई, याचा तुमच्यापुरता अर्थ असा की पगाराची जागा ट्रॉफी घेऊ शकत नाही, आणि थर्डशिफ्ट यांना हवी होती ती दखल पगारानं भरून निघत नाही. दोन खाती वेगळी आहेत. एकातली शिल्लक दुसऱ्यात वळती होत नाही.

लालबावटा_मिरज:
प्राध्यापक, हर्झबर्गनं विचारलं ते इंजिनिअरला आणि अकाउंटंटला. फौंड्रीत वितळलेल्या धातूचं लॅडल धरणाऱ्याला विचारलं असतं तर उत्तर काय आलं असतं? तीस वर्षं युनियनमध्ये काढली. 'दखल', 'सन्मान', 'आपण एक कुटुंब' हे शब्द पगाराची बोलणी जवळ आली की ऐकू यायला लागतात, सही झाली की बंद.

आणि मॅडम, ८.३३ टक्के बोनस तुम्ही 'देणार' नाही, तो द्यावाच लागतो, तोटा झाला तरी. किमान बोनसाची सक्ती १९६५ च्या कायद्यापासून आहे, टक्का तेवढा पुढं वाढून ८.३३ झाला. ते बक्षिसाच्या यादीत धरू नका, माणसं हसतील.

तरी तुम्ही विचारताय म्हणून सांगतो. पहिल्यांदा सगळ्यांना शेडमध्ये गोळा करा आणि ऑर्डरी किती कमी झाल्या ते आकड्यानं सांगा. गेल्या वर्षी या महिन्यात किती टन गेलं, यंदा किती गेलं. कामगार येडा नसतो. डिस्पॅचच्या गाड्या त्याला दिसतात. त्याला जे आधीच दिसतंय ते लपवलंत तर पुढचं सगळं खोटं वाटणार.

भडंगप्रेमी:
लालबावटा काका +१. आमच्या साहेबांनी मंदीत इन्क्रिमेंट रोखलं आणि त्याच महिन्यात नवी गाडी आणली. पार्किंगमध्ये झाकून ठेवायचे. झाकल्यानं जास्तच दिसायची.

आशा_जत:
मी कारखान्यातली नाही, जत तालुक्यात आशा आहे. पण बिनपैशाच्या बक्षिसाचा आमच्याइतका अनुभव कुणाला नसेल.

२०२० च्या मार्चमध्ये आमच्यासाठी थाळ्या वाजल्या. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या सगळ्या आशांना ग्लोबल हेल्थ लीडर्स पुरस्कार दिला. दहा लाखांच्या आसपास बायका, सगळ्यांचा मिळून एक पुरस्कार. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. गावात सरपंचांनी नारळ दिला. त्यानंतरही मानधनासाठी आम्हाला संपावर बसावं लागलं, आझाद मैदानापर्यंत जावं लागलं.

पण दुसरी बाजूही सांगते. पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) नवीन डॉक्टर मॅडम आल्या. मीटिंगला पहिल्या दिवसापासून आम्हाला खुर्चीवर बसवलं. आधी आम्ही सतरंजीवर आणि बाकी स्टाफ खुर्चीवर असायचा. कुठल्या वस्तीवर कुणाचे दिवस भरत आलेत हे आमच्याकडून ऐकून त्या गाडीचं नियोजन करायच्या. त्या होत्या तेवढे दिवस आम्ही रात्रीबेरात्री फोन उचलायचो. मानधन तेच होतं.

थर्डशिफ्ट:
ताई, खुर्चीचं पटलं. आमच्याकडं कँटीनला अजून स्टाफचं टेबल वेगळं आहे. भाजी एकाच पातेल्यातली.

झेडपी_मास्तर:
आमच्याकडे पुरस्कारासाठी स्वतःच स्वतःची फाईल करावी लागते. फोटो, कात्रणं, दाखले, सह्या. ज्याची फाईल जाड तो आदर्श. वर्षभर वर्गात असणाऱ्याकडे फोटो कुठून येणार? कुपवाडीताई, काहीही करा, पण अर्ज मागवू नका.

कृष्णाकाठ_पलूस:
धागा वाचून आमच्या शेजारची किर्लोस्करवाडी आठवली. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर कारखाना आणि वसाहत उभी केली. कुंडल रोड स्टेशन तेवढं जवळ, बाकी खडक आणि निवडुंग. तिथं पहाऱ्याला लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगून आलेली माणसं नेमली. ज्यांना गाव दारात उभं करत नव्हतं त्यांच्या हाती रात्रीचा कारखाना दिला. यापेक्षा मोठं बिनपैशाचं बक्षीस मला तरी माहीत नाही.

शंकरभाऊ किर्लोस्करांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' काढलं, ते पुढं मोठं मासिक झालं. सुरुवात मात्र कारखान्याच्या बातम्यांनीच झाली होती. अर्थात तेव्हाची वसाहत म्हणजे घर, शाळा, पाणी सगळं एकाच ठिकाणी. आजच्या कुपवाडच्या एका शेडला ते कसं जमणार, हा प्रश्न आहेच.

लालबावटा_मिरज:
पहारेकऱ्यांचं खरं आहे. पण ती जबाबदारी होती, सोबत पगारही होता. रात्रीचा पहारा त्यांनी सर्टिफिकेटवर केला नाही.

शिरवळकरीण:
मी शिरवळला असेंब्ली लाइनवर लाइन लीडर आहे, घर साताऱ्यात. बायकांच्या बाजूनं लिहिते, कारण इथं अजून कुणी लिहिलं नाही.

आमच्या लाइनवर सगळ्यात मोठं बक्षीस काय असेल, तर शिफ्ट. मुलीचं दहावीचं वर्ष आहे आणि मला वर्षभर फर्स्ट शिफ्ट मिळाली, तर मी सुपरवायझरचं नाव आयुष्यभर काढीन. कंपनीला काय पडतं? काहीच नाही. पण हे कोणी 'रिवॉर्ड' म्हणून मोजतच नाही, उपकार म्हणून देतात, आणि उपकार म्हणून दिलं की त्याला ओळख लागते. आम्ही भांडून एक वही केली. ज्याला शिफ्ट बदलून हवी त्यानं वहीत लिहायचं, कारण लिहायचं, आपसात बदली शोधायची, सुपरवायझर फक्त सही करतो. त्या वहीनं जेवढी रजा वाचवली तेवढी अटेंडन्स बोनसनं वाचवली नसेल.

दुसरं म्हणजे शिकवण्याचं काम. नवीन मुली आल्या की आमच्यातल्या दोघींना ट्रेनर केलं, वेगळ्या रंगाचा बॅज दिला आणि मुख्य म्हणजे त्या वेळेचं टार्गेट कमी केलं. हे शेवटचं विसरू नका. नाहीतर शिकवायचंही आणि नगही तेवढेच काढायचे, म्हणजे मान नाही, डबल ड्युटी.

संक्रांतीला हळदीकुंकू करतात, वाण म्हणून प्लास्टिकचा डबा. छान आहे. पण त्याच खर्चात बाथरूमची कडी दुरुस्त झाली असती.

कुपवाडी:
शिरवळकरीण ताई, वहीची कल्पना उचलली. (कडीचं वाचून लगेच आमच्याकडची बघून आले. आहे.)

दोन प्रश्न. एक, निवड कोणी करायची? मी केली तर 'मॅडमचा माणूस', सुपरवायझरनं केली तर त्याचा. दोन, आमच्या बोर्डाचं नेमकं काय चुकलं? सुरुवातीला लोक खूश होते.

प्राध्यापक_कराड:
दुसऱ्या प्रश्नावर एक मजेदार प्रयोग आहे. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी अमेरिकेतल्या एका बालवाडीत केला. चित्रं काढायची आवड असलेली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी तारा आणि रिबिनीचं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता शेवटी तेच दिलं. काहींना काहीच दिलं नाही. पुढं मोकळ्या वेळात कोण किती चित्रं काढतं ते पाहिलं. आधी सांगून प्रशस्तिपत्र दिलेली मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांत रमली. अचानक मिळालेल्यांचं काही बिघडलं नाही.

लक्षात घ्या, इथं पैसा नव्हताच. कागदच होता. म्हणजे बक्षीस बिनपैशाचं आहे म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. 'हे कर, मग ते देतो' असा सौदा झाला की काम त्या बक्षिसाच्या खाली दबतं. त्याआधी १९७१ मध्ये एडवर्ड डेसी यांनी कॉलेजच्या मुलांना कोडी सोडवायला देऊन पाहिलं होतं. आधी पैसे दिले आणि मग बंद केले तर गोडी कमी झाली, पण चांगलं केलंस असं तोंडी सांगितलं तेव्हा वाढली.

महिन्याला एक असा ठरलेला बोर्ड म्हणजे हप्ता. मार्चमध्ये कोणी काही विशेष केलं नाही तरी फोटो लावावाच लागतो, आणि मेमध्ये चौघांनी केलं तरी एकाचाच लागतो.

थर्डशिफ्ट:
सर बालवाडीचं सांगतायत, पण आमच्याकडं तसंच झालंय. आता नंबर लावलेत. 'पुढच्या महिन्यात तुझा.' ज्याचा नंबर असतो तोसुद्धा त्या महिन्यात निवांत.

साखरपट्टा_वाळवा:
सहकारी कारखान्यातला अनुभव. दिवाळीला सवलतीची साखर मिळते, सभासदाला आणि कामगाराला. सुरू झाली तेव्हा कौतुक असणार, आज ती न मिळाली तर गेटवर घोषणा होतील. मिठाईच्या बॉक्सचं तेच. एक किलोवरून अर्धा किलोवर आलात तर अर्धा किलो दिल्याचं पुण्य नाही, अर्धा कमी केल्याचं पाप लागतं. वस्तू द्यायची असेल तर दरवर्षी झेपेल एवढीच द्या, नाहीतर देऊच नका.

नदीकाठचा:
आम्ही सांगलीत गावभागात राहतो. २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर सगळ्यांना माहीत आहे. पाणी उतरल्यावर घरात गुडघाभर चिखल, भिंतींना वास, गॅस शेगडीत गाळ. मी तेव्हा एका छोट्या वर्कशॉपमध्ये होतो, मालकाचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. त्यांनी ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांची यादी केली, शॉप बंद ठेवलं आणि बाकीच्या कामगारांना टीम करून एकेका घरी पाठवलं. सोबत कारखान्यातला प्रेशर वॉशर आणि जनरेटर. माझ्या घरी आले तेव्हा आमचा स्टोअरकीपर, ज्याच्याशी मी वर्षभर बोलत नव्हतो, माझ्या आईची भांडी धूत होता. त्या दिवसांचा पगार कुणाचाही कापला नाही.

पुढं डिलिव्हरी अडकली होती तेव्हा रविवारी या म्हणून कोणी सांगितलं नाही, सगळे आपणहून आले. म्हणून सांगतो, माणसाला अडचणीत काय लागतं ते ज्या मालकाला माहीत असतं त्याला बोर्ड लागत नाही. आणि हे ठरवून करता येत नाही, हेही आहे.

लालबावटा_मिरज:
अशा मालकाला सलाम. मी मालकांना सलाम फार कमी वेळा केलाय.

नाट्यवेडा_सांगली:
कुपवाडीताई, जून-डिसेंबरला महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाचा निधी भरता ना? १९५३ पासूनचं मंडळ आहे. त्याचा उपयोग किती जण करून घेतात? त्यांच्या नाट्य स्पर्धा असतात, भजन स्पर्धा असतात, गुणवंत कामगार पुरस्कार असतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये जिथं 'सीता स्वयंवर' केलं त्या गावात एखाद्या टर्नरला नाटकाचं वेड असणं नवल नाही. त्याला तालमीसाठी महिनाभर संध्याकाळी पाचला सोडा, प्रयोगाला शॉपमधल्या सगळ्यांना घेऊन जा. आमच्या ग्रुपमधला एक वेल्डर साहेब प्रयोगाला आले म्हणून अजून ती कंपनी सोडत नाही. (साहेब दुसऱ्या अंकात झोपले होते, ते त्याला आम्ही सांगितलेलं नाही.)

वाईकर_आत्या:
निवडीबद्दल माझं मत. आमच्या पतपेढीत मॅनेजर निवडत नाही, सहकारी एकमेकांबद्दल चिठ्ठी लिहितात. 'या महिन्यात मला कोणी मदत केली आणि काय केली.' नाव नुसतं चालत नाही, काय केलं ते लिहावं लागतं. त्यातून अशी नावं निघतात जी वर बसलेल्यांना सुचणारच नाहीत. आमच्या शिपायाचं नाव सतत येतं, कारण म्हाताऱ्या खातेदारांच्या स्लिपा तोच भरून देतो.

मिठाचा_खडा:
आत्या, कल्पना गोड आहे, पण साठ माणसांत गट पडतात. चिठ्ठ्या गटानं लिहिल्या जातात. आमच्याकडं दोन गावांत वाटणी झाली होती.

वाईकर_आत्या:
होतं तसं. म्हणून आम्ही मतं मोजत नाही. चिठ्ठ्या वाचून दाखवतो, बस. पहिला नंबर काढला की गट येणार.

कृष्णाकाठ_पलूस:
एक सुचवू? खंडेनवमी येतेच आहे. बहुतेक शॉपमध्ये मशिनींची पूजा मालक करतो, फोटो निघतात, पेढे वाटतात. माझ्या मामांच्या वर्कशॉपमध्ये प्रत्येक मशीनची पूजा त्या मशीनवरचा ऑपरेटर सहकुटुंब करतो. बायको, पोरं, आईवडील सगळे येतात. बाप दिवसभर कुठं उभा असतो ते पोरांना त्या दिवशी दिसतं. मामा स्वतः फक्त गेटच्या पाटीला हार घालतात.

थर्डशिफ्ट:
हे लई भारी. माझ्या पोरानं माझं मशीन आजवर बघितलेलं नाही. गेटच्या आत येऊच देत नाहीत.

कुपवाडी:
सगळ्यांचे आभार. काल रात्री नवऱ्याला पूर्ण धागा वाचून दाखवला. (फिक्स्चरचा किस्सा ऐकून तो गप्प झाला. आमच्या कायझेन बोर्डावर (कामातल्या छोट्या सुधारणा लावायचा बोर्ड) सगळ्या सुधारणांखाली त्याचंच नाव आहे.)

ठरलंय ते असं. शनिवारी शेडमध्ये सगळ्यांना ऑर्डरींचे आकडे सांगणार, लालबावटा काकांनी म्हटल्याप्रमाणे. बोर्ड काढला. कायझेन शीटवर आता ज्यानं केलं त्याचं नाव, आणि कस्टमर आला की तोच दाखवणार. हिंदीत बोलू दे, मराठीत बोलू दे. शिफ्टची वही सुरू. खंडेनवमीला कुटुंबं येणार, फक्त सेफ्टीचं बघावं लागेल, लहान मुलं आणि फिरती मशिनी. त्या दिवशी मेन स्विच बंदच ठेवू. चिठ्ठ्यांचं अजून ठरत नाही, नवरा नको म्हणतोय.

लालबावटा_मिरज:
ठेकेदाराच्या पोरांचं काय? वहीत त्यांचं नाव लिहिता येणार का? खंडेनवमीला त्यांच्या घरचे येणार का?

कुपवाडी:
काका, पूजेला हो, सगळ्यांच्या घरचे. वहीचं ठेकेदाराशी बोलावं लागेल, तो कटकट करणार.

लालबावटा_मिरज:
करू दे. बोलायला जाल तेव्हा पीएफ भरतोय का त्याचं चलनही मागा. एका फेरीत दोन कामं.

प्राध्यापक_कराड:
ताई, सहा महिन्यांनी इथंच लिहा काय झालं ते. विद्यार्थ्यांना दाखवायला मला अमेरिकेबाहेरचं एखादं उदाहरण मिळेल.

थर्डशिफ्ट:
मॅडम, व्हीएमसीला सेटर लागत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. पिनवालं फिक्स्चर येऊन दाखवीन. पगाराचं मात्र आधी बोलू.